सारख्या वजनाच्या गोळ्या

एनो आजोबांनी शेवटची गोळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली आणि मान तिरकी करून रांगेकडे बघितलं.

"तुझे शिपाई काही एका उंचीचे नाहीत गं," ते म्हणाले. "भरती करताना बघून घेतले नव्हतेस का?"

लेम्पी गॅरेजातल्या बाकावर सांडलेले बंदुकीच्या दारूचे काळे कण रंगाच्या ब्रशने कागदावर ओढत होती. शाळेला सुट्टी होती; हरणांच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी इथे शाळा उघडली तर वर्गात फक्त फळा हजर राहील. आई पहाटेच मचाणावर गेली होती. घरात बंदूक एकच, आजोबांची जुनी, म्हणून सकाळ आईची आणि दुपार लेम्पीची असं ठरलं होतं. तोवर खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना कॉफी, मांस-बटाट्याची पेस्टी आणि बोलायला माणूस पुरवणं हे लेम्पीचं काम. तिन्ही गोष्टी ती सढळ हाताने पुरवत होती. विशेषतः तिसरी.

"आजोबा, त्या गोळ्या कारखान्यात बनतात. तुमची नजर तिरकी झालीय."

"असेल. पण खिडकी तर सरळ आहे."

ती हसत उठली आणि खिडकीशी आली. सरोवराकडून फिकट उजेड येत होता. शिशाच्या डब्यात उरलेल्या, निळ्या टोकांच्या तांबूस गोळ्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या माथ्यांची रेष सरळ नव्हती. मधल्या दोन आणि कडेची एक, बाकीच्यांपेक्षा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या उंच होत्या.

लेम्पीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

तिने एक बुटकी उचलली, एक उंच उचलली आणि दोन्ही आळीपाळीने वजनकाट्यावर ठेवल्या. दोन्ही वेळा तोच आकडा. दशांशापर्यंत तोच. गेल्या शनिवारी हाच आकडा पुन्हा पुन्हा बघून तिने खुशीत शीळ घातली होती.

अख्खा उन्हाळा आणि अख्खी पानगळ घरात एकच विषय चालला होता, शिसं की तांबं. गेल्या मोसमात आईने गोळी मारलेला नर पडला नाही. रक्ताचे थेंब टाकत तो दलदलीत शिरला आणि शोधशोधूनही सापडला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस आई जेवणाच्या टेबलाशी नुसती बसायची. बाबांनी दोष आपल्या गोळीला दिला. घरची काडतुसं तेच भरायचे. दुकानातलं काडतूस म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं त्यांचं मत. यंदा ते खनिज वाहणाऱ्या बोटीवर होते, सरोवर गोठेपर्यंत परत यायचे नव्हते. म्हणून काडतुसं दाबायचं प्रेस, वजनकाटा, दारूचे डबे असं सगळं साम्राज्य लेम्पीच्या ताब्यात आलं, आणि वाद फोनवरून सुरू राहिला. शिशाची गोळी आत शिरताच फुलते, जनावर जागच्या जागी बसतं, पण मांसात शिशाचे कण मागे राहतात. अख्ख्या तांब्याची गोळी कण सोडत नाही, पण बरगड्यांमधून सुईसारखी आरपार गेली तर जनावर पुन्हा दलदल गाठणार. लेम्पी तांब्याच्या बाजूची. तिने शाळेत त्यावर भाषणसुद्धा ठोकलं होतं. बाबा शिशाच्या बाजूचे. आई दोघांचं ऐकून घ्यायची, भांडी पुसायची आणि म्हणायची, तुम्ही द्याल ती. शेवटी या मोसमापुरतं शिसं ठरलं. लेम्पीने तांब्याचा एक डबा तरीही आणून ठेवला, बाबा आले की त्यांच्यासमोर भरून त्यांची जिरवायची म्हणून.

दोन वेगळे कारखाने, पण वजन एकच, तांबूस अंग एकच (शिशावरही तांब्याचं पातळ कवच असतं), टोकाला निळं प्लास्टिक तेही जवळजवळ एकच. फरक इतकाच की तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढंच वजन भरायला गोळी लांब करावी लागते. ही लांबी काडतुसात बाहेरून दिसत नाही. काडतूस ठरलेल्या मापाचं दाबलं की गोळीचा जादा भाग पितळी पुंगळीत आत उतरतो आणि दारूची जागा खातो. शिशाखाली बेताची असलेली दारू तांब्याखाली फार होते. मग चाप ओढल्यावर सगळा जोर पुढे जायच्या ऐवजी मागेही यायला बघतो, आणि मागे बंदुकीला गाल टेकवून बसलेला माणूस असतो. बाबांनी हे तिला पाठ करायला लावलं होतं. आजोबांच्या बंदुकीचं पोलाद जुनं आहे, ती नव्या बंदुकीसारखा मार खाणार नाही, हेसुद्धा.

आणि त्या शनिवारी, मैत्रिणीला फोटो पाठवायला दोन्ही डबे उघडे ठेवून गाण्यावर नाचता नाचता, लेम्पीच्या कोपराने दोन्ही डबे खाली पाडले होते.

तेव्हा ती घाबरली नव्हती. टोकांच्या निळ्या छटा बघून तिने दोन ढीग केले, मग खात्री म्हणून शिशाच्या ढिगातली एकेक गोळी तोलली. दोन कारखान्यांचं वजन दशांशापर्यंत जुळणारच नाही, परकी गोळी काट्यावर पकडली जाईलच, असा तिचा हिशेब. सगळ्यांनी एकच आकडा दाखवला. इतकी शुद्ध निवड बाबांनीसुद्धा कधी केली नसेल, असं तिने मैत्रिणीला कळवून टाकलं. लांबी मोजायचं डोक्यातही आलं नाही. नंतर प्रेसचा दांडा ओढताना मधूनच एखाद्या काडतुसाला हाताखाली बारीक कर्र असं लागायचं, सांडलेल्या साखरेवर पाय पडावा तसं. तेव्हा ती मोठ्याने गात होती.

"आजोबा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "आईच्या काडतुसांत तांब्याच्या गोळ्या गेल्यात."

आजोबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "किती?"

"माहीत नाही."

"कुठल्या कुठल्या?"

"बाहेरून कळणार नाही. सगळी सारखीच दाबलीत मी."

ते उठायला गेले आणि खुब्याने त्यांना परत बसवलं. अशा वेळी ते एक शिवी देत आणि मग एक विनोद करत. आज दोन्ही नाही. त्यांनी भिंतीवरचा आपला नारिंगी कोट तिला घालायला लावला आणि बसल्या बसल्याच त्याची बटणं लावली, ती लहान असताना लावायचे तशी, खालून वर. गळ्याशी आल्यावर ते थांबले.

"पळायचं नाही," ते म्हणाले. "आजच्या दिवशी रानात जे पळतं ते हरीण असतं."

आईचा फोन तिने लावला, उगीचच. तो वाजत राहिला. मचाणावर फोन न्यायचा नाही हा आईचा नियम होता. तो तिच्या गाडीच्या खणात हातमोज्यांखाली वाजत असणार. लेम्पीने आजोबांची पिकअप काढली. गाडी शिकवताना आजोबा म्हणायचे, की ही गाडी म्हातारी आहे, हिला ओरडायला लावू नकोस. लेम्पीने आज तिला पूर्ण रस्ताभर ओरडायला लावलं.

सरोवराच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर जागोजागी गाड्या लागल्या होत्या. माणूस एकही नाही. सगळी माणसं रानात होती, झाडांवर, खोपटांत, बुंध्यांना पाठ लावून, आणि सगळ्यांनी श्वास धरला होता. काच बंद असूनही तिला गोळ्यांचे आवाज ऐकू येत होते. एरवी पहिल्या सकाळचा हा आवाज तिला जत्रेतल्यासारखा वाटायचा. ती आणि आजोबा ओसरीत बसून अंदाज लावायचे, हा साल्मी म्हाताऱ्याचा, हा त्याच्या जावयाचा, आणि तो जावयाचा असेल तर हरीण अजून चरतंय. आज प्रत्येक आवाजाला तिची बोटं स्टिअरिंगवर घट्ट व्हायची. मग ती वाट बघायची. कशाची, ते तिला सांगता आलं नसतं. बंदूक नीट सुटली तर एकच आवाज येतो. आणि नीट सुटली नाही तरीही एकच येतो.

आईची गाडी ठरलेल्या जागी, सीडरच्या झाडांत शिरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी उभी होती. काचेवरचं दहिवर कुणी पुसलेलं नव्हतं. खणातला फोन थंड पडला होता, आणि त्यावर लेम्पीचं नाव होतं.

पहिल्या सकाळी कुणी रानात चालत नाही. ज्यांना बसायचं ते उजाडायच्या आत जाऊन बसतात, बाकीच्यांनी दुपारपर्यंत बाहेर राहायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण चर्चमध्ये उशिरा आलेल्याकडेही लोक इतक्या वाईट नजरेने बघत नाहीत. लेम्पी चालू लागली. पायाखाली गोठलेली पानं काचेसारखी मोडत होती. कोट आजोबांचा, तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचणारा, आणि त्याचा नारिंगी रंग इतक्या वर्षांच्या उन्हाने वाळलेल्या पानांच्या जवळ जाऊन पोचला होता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती मोकळ्यातून सीडरच्या अंधारात शिरली होती. झाडांत कुठे कोण बसलंय ते तिला दिसत नव्हतं. त्यांना मात्र ती दिसत होती, किंवा तिचा एखादा तुकडा दिसत होता, फांद्यांमधून हलणारा.

तिने गायला सुरुवात केली. डोकं चालवल्याचा तिला अभिमानसुद्धा वाटला. गाणारं हरीण कुणी पाहिलेलं नाही, म्हणजे तिच्यावर कुणी गोळी घालणार नाही. शिवाय आवाजाने हरणं पळाली तर आईसमोर काही येणार नाही, आणि समोर काही आलं नाही तर आई चाप ओढणार नाही. ती शाळेचं गाणं म्हणू लागली, बास्केटबॉलच्या सामन्यात म्हणतात ते, टाळ्यांसकट. डावीकडून, साल्मी म्हाताऱ्याच्या हद्दीतून, एक लांब चिडकी शिट्टी आली. लेम्पीने आवाज आणखी चढवला. उद्या गावात तिचं नाव निघेल. निघू दे.

दुसरं कडवं अर्धं झालं असेल, तोच पुढच्या झुडपांतून तीन हरणं उसळली. पांढऱ्या शेपट्या उभ्या करून ती तिच्यासमोरून धावत गेली. ती बाजूला गेली नाहीत. वाटेने सरळ गेली, ओहोळाकडे, दलदलीच्या कडेला, जिथे आईचं मचाण होतं.

लेम्पीच्या तोंडातलं गाणं थांबलं. ती करत होती तो हाका होता. बाबा आणि त्यांचे मित्र मोसमाच्या शेवटी मुद्दाम करायचे तोच. एका टोकाने आरडाओरडा करत शिरायचं आणि दुसऱ्या टोकाला बंदूक घेऊन कुणाला तरी बसवायचं. दुसऱ्या टोकाला आई बसली होती.

ती मेल्यासारखी उभी राहिली. पाय उचलावा तर पानं वाजणार, न उचलावा तर आई पुढे, एकटी. हरणांच्या खुरांचा आवाज विरत गेला. मग काहीच नाही. एक टिटमाऊस पक्षी कुठेतरी चिवचिवला आणि तोही गप्प झाला.

आणि गोळी सुटली.

पुढूनच, असं तिला वाटलं, आणि जवळून. आवाज तिच्या छातीत आधी आला आणि कानात नंतर. झाडांवरचं दहिवर भुरभुरलं. लेम्पी धावली. आजोबांचं सांगणं, शिट्टी, नारिंगी कोट सगळं मागे टाकून ती फांद्यांखालून वाकून, ओहोळाच्या बर्फात एक पाय बुडवून, तोंड उघडं ठेवून धावली, आणि धावताना तिला फक्त एवढंच कळत होतं की दुसरा आवाज येत नाहीये. कुणी हाक मारत नाहीये.

मचाण दिसलं. दोन सीडरच्या मध्ये ठोकलेल्या फळ्या, वर कठडा, आणि कठड्यावर पुढे कललेलं आईचं डोकं. नारिंगी टोपी हलत नव्हती.

लेम्पी एका झाडाला धरून थांबली. 

मग टोपी हलली. आईने मान वर केली, हातातल्या थर्मासचं बूच फिरवून घट्ट केलं आणि तो खाली ठेवला. ती फक्त कॉफी ओतत होती. गोळी साल्मीच्या बाजूने सुटली होती. तिकडून आता माणसांचे आवाज येत होते, एकजण हसत होता. बहुधा जावई.

लेम्पी बुंध्याला धरून अर्धवट खाली बसली. त्या हालचालीने आईला ती दिसली. आईच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो गेला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं, चोरी पकडल्यासारखं. लेम्पी महिनाभर मागे लागली होती, की माझं पहिलं काडतूस तू उडवशील तेव्हा मला शेजारी बसू दे, आणि आईने आजोबांचं कारण सांगून ते टाळलं होतं. आता पोरगी आलीच, असं आईला वाटलं असावं. तिने पाठ थोडी वळवली. पण फळ्यांमधल्या फटीतून तिचे हात लेम्पीला दिसत होते.

आईने बंदुकीचा बोल्ट मागे ओढला. आतून एक काडतूस निघालं, चांदीसारखं पांढरं. तिने ते मुठीत झाकून कोटाच्या खालच्या खिशात टाकलं. त्याच्या मागून आणखी दोन, तशीच पांढरी. मग वरच्या खिशाची चेन उघडून तिने दुसरी काढली, पिवळ्या पितळेची. एकाचं बूड उजेडात वळलं तेव्हा त्यावर जांभळा ठिपका चमकला. ओल लागू नये म्हणून लेम्पीने आपल्या नेलपॉलिशने प्रत्येक काडतुसाच्या बुडाला तो लावला होता. आईने ती एकेक करून अंगठ्याने आत दाबली आणि बोल्ट बंद केला. मग लेम्पीकडे वळून हसली.

लेम्पीला दिसत सगळं होतं. अर्थ मात्र तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता.

आईचं हसू थांबलं. तिने एक बोट ओठांवर ठेवलं, आणि डोळ्यांनी ओहोळाच्या पलीकडे खुणावलं. तिथे एक नर उभा होता. मान उंच, शिंगांना सीडरची साल चिकटलेली, नाकातून वाफ येत होती. मागच्या आवाजांकडे कान लावून तो उभा होता, आणि त्याची पूर्ण कूस आईकडे होती. इतका देखणा नर लेम्पीने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आईने सावकाश बंदूक उचलली. गाल लाकडाला टेकवला. आणि टेकवताना तिने डोळे मिटले, दोन्ही, घट्ट, आणि पुन्हा उघडले.

"आई, नको!"

नर जागेवरून वर उडाल्यासारखा उसळला आणि पांढरी शेपटी दाखवत दलदलीत नाहीसा झाला. त्याच्या पायांनी फोडलेल्या बर्फाचे तुकडे पाण्यावर डुलत राहिले.

"लेम्पी," आई वरून म्हणाली. राग आला की ती हळू बोलायची, आणि आता जेमतेम ऐकू येत होतं. "पहिल्या दिवशी. माझ्याच मचाणाखाली. तुला काय—"

"बोल्ट उघड. आधी बोल्ट उघड, मग बोल मला काय बोलायचं ते."

आईने उघडला. पिवळं काडतूस उडून फळीवर आपटलं आणि फटीतून खाली पानांत पडलं. लेम्पीने ते उचललं नाही. तिथेच उभं राहून तिने सगळं सांगितलं. डबे, नाच, काटा, आजोबांची रांग. सांगताना ती एकदाही रडली नाही. दात मात्र इतके वाजत होते की काही शब्द तिला दोनदा म्हणावे लागले. आई ऐकत होती. मध्येच तिचा हात चेहऱ्याकडे गेला आणि उजव्या डोळ्यावर, भुवईच्या खाली, तसाच राहिला.

"वर ये," ती शेवटी म्हणाली.

मचाणावर दोघींना बसायला जेमतेम जागा होती. आईने कॉफीने भरलेलं थर्मासचं झाकण तिच्या हातात दिलं. उरलेली पिवळी काडतुसं तिने बंदुकीतून आणि खिशातून काढून हातमोज्यात भरली आणि हातमोज्याला गाठ मारली. 

"ती पांढरी," लेम्पी म्हणाली.

"दुकानातली."

"माझ्यावर विश्वास नव्हता, तर तसं सांगायचं."

आईने हातमोज्याची गाठ आणखी घट्ट ओढली.

"बाबांनी भरलेली पण उडवत नाहीस?"

"लग्न झाल्यापासून," आई म्हणाली.

मग ती बोलली, समोर बघत, एखादी भाजी कशी करतात ते सांगावं तशा आवाजात. तिच्या ऑर्विल काकांची गोष्ट होती. काडतुसं स्वतः भरायचे, गावभर त्यांच्या नेमाचं कौतुक. ती लहान असताना एका सकाळी ती त्यांच्या शेजारी बसली होती, थर्मास धरून, आणि त्यांची बंदूक मागून फुटली. काका जगले. डोळा गेला. तिच्या स्वेटरवर जे उडालं होतं ते तिच्या आईने तीनदा धुतलं आणि मग स्वेटरच जाळला. रॉयला, लेम्पीच्या बाबांना, हे तिने कधी सांगितलं नाही. तो हिवाळाभर त्या बाकाशी बसतो, एकेक दाणा तोलतो आणि म्हणतो, डारला, हे तुझ्यासाठी. त्याला कसं सांगायचं? त्याने दिलेली काडतुसं ती दरवर्षी घरी येताना दलदलीच्या पाण्यात सोडायची.

"मग गेल्या वर्षीचा नर?"

"दुकानातल्याच गोळीने. गोळीचा काही दोष नव्हता. चाप ओढताना मी डोळे मिटते."

उन्हाळाभर, पानगळभर, बोटीवरून आणि जेवणाच्या टेबलावरून चाललेला वाद लेम्पीच्या डोळ्यांसमोरून गेला, त्यातल्या तिच्या भाषणासकट. तिला हसू यायला हवं होतं. पण हसण्याच्या वाटेवर तिला दुसरंच काही सापडलं, आणि तिने कॉफीचं झाकण दोन्ही हातांनी धरलं. पहाटेपासून त्या बंदुकीत पांढरी काडतुसं होती. ती गात नव्हती, धावत नव्हती, घरी आजोबांशी थट्टा करत होती, तोवर आईला काहीही होणार नव्हतं. पिवळी तिला बघून आत गेली होती.

तिने आईकडे पाहिलं. आईलाही ते कधीचंच सापडलेलं होतं, हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

"घरी जायचं?" लेम्पीने विचारलं.

"आता दिवसभर इथे काही फिरकणार नाही. तू ते गाणं म्हटल्यावर पुढच्या जिल्ह्यातसुद्धा काही फिरकणार नाही." आई अर्धवट हसली. "पण भरून ठेवू. रिकाम्या बंदुकीने बसलो तर इकडे आल्यावर साल्मी विचारेल."

तिने खालच्या खिशातून एक पांढरं काडतूस काढलं आणि बंदुकीत घालायला गेली. काडतूस लोखंडाला लागून टकटक वाजलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिने हात मांडीवर दाबून धरला, सोडला, पाहिलं. मग काडतूस लेम्पीपुढे केलं.

"तू भर."

"मी?"

"हो. तूच."

लेम्पीने झाकण खाली ठेवलं आणि तळवे कोटाला पुसले. काडतूस तिने लगेच आत घातलं नाही. आधी त्याच्या बुडावर कोरलेली अक्षरं वाचली, मग नळीवरची, मग पुन्हा बुडावरची. कड नखाने चाचपली. मग आत दाबलं. दुसऱ्याचंही तसंच केलं. आई घाई करत नव्हती. तिचा खांदा लेम्पीच्या खांद्याला टेकलेला होता आणि त्यातून तिचं थरथरणं लेम्पीपर्यंत येत होतं, किंवा उलट.

"तुझ्या बाबाला—" आईने सुरुवात केली.

"माझ्याकडून काय झालं ते मी सांगणार आहे," लेम्पी म्हणाली. "तुझं तू बघ."

आईने हळूच मान डोलावली. लेम्पीने तिसरं काडतूस उचललं. दलदलीच्या पलीकडे, पार दूर, कुणाची तरी गोळी सुटली, आणि त्या दोघींनी एकदमच डोळे मिटले. आधी कुणी उघडले, ते दुसरीला कळलं नाही.